पनवेलहून कावसजी जहांगीर हॉलपर्यंत

सुट्टीच्या दिवशी पनवेलहून सकाळची सीएसएमटी लोकल पकडणाऱ्या कुटुंबाचा बेत बहुतेक वेळा आधीच ठरलेला असतो. गेटवे, जमलं तर बोटीची फेरी, मुलांसाठी 'म्युझियम', परतताना क्रॉफर्ड मार्केट. गावाकडून पाहुणे आलेले असतील तर ताजमहाल हॉटेलसमोरचा फोटो वाढतो. या धावपळीत रीगल सिनेमाचा चौक दोनदा तरी ओलांडला जातो. चौकाच्या एका अंगाला घुमटाचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि त्याच्यासमोर रस्त्यापलीकडे एक जुनी दगडी इमारत. तिच्याबाहेर प्रदर्शनाचा फलक असतो, दारात पहारेकरी असतो, पण रांग सहसा नसते. रांग नाही म्हणजे पाहण्यासारखं काही नसणार, असा हिशेब करून मंडळी पुढे निघून जातात. ही इमारत म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, दिल्लीतल्या जयपूर हाउसमधल्या संस्थेचं मुंबईतलं घर.

पनवेलच्या माणसाने तिथे का जावं, या प्रश्नाची नेहमीची उत्तरं फारशी कामाची नाहीत. कलेने मन समृद्ध होतं, मुलांवर संस्कार होतात वगैरे. हे खरं असेलही, पण त्यासाठी कोणी रविवारची झोप मोडून दीड तास हार्बर लाइनवर उभं राहत नाही. जाण्याचं कारण याहून साधं आणि जवळचं आहे. त्या भिंतींवर आजवर जे लागलं, त्यातला मोठा वाटा मुंबई, ठाणे, कोकण या पट्ट्यातल्या माणसांचा आहे. काहींची घरं तर थेट रायगड जिल्ह्यातली. त्यांनी रंगवलेला मुलूख पनवेलकर रोज लोकलच्या खिडकीतून पाहतो. आपल्या शेजाऱ्यांचं काम सरकारने जपून ठेवलंय आणि आपण ते एकदाही जाऊन पाहिलेलं नाही, अशी ही थोडी लाजिरवाणी अवस्था आहे.

आधी इमारतीबद्दल, कारण तिची कहाणी आतल्या चित्रांइतकीच मनोरंजक आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभा राहिलेला हा सार्वजनिक हॉल १९११ सालचा. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. समोरचं वस्तुसंग्रहालय त्याचंच, गेटवे ऑफ इंडियाही त्याचाच. म्हणजे पनवेलचं कुटुंब एका सकाळी विटेटच्या दोन इमारती आवर्जून बघतं आणि तिसरीला वळसा घालून जातं. एके काळी हा हॉल शहराचा कान होता. यहुदी मेन्युहिनचं व्हायोलिन इथे वाजलं, काँग्रेसच्या सभा इथे गाजल्या. पुढे शहरात नवी, वातानुकूलित सभागृहं आली आणि याची रया गेली. मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांचे मेळावे, लग्नाचे स्वागतसमारंभ, चामड्याच्या आणि हातमागाच्या वस्तूंचे सेल, जे मिळेल ते इथे होऊ लागलं. मुंबईतल्या जुन्या सार्वजनिक वास्तूंच्या नशिबी हे साधारण येतंच. त्यापुढची पायरी बहुधा कुलूप आणि पिंपळाचं रोप.

इथे तसं झालं नाही, याचं श्रेय दोन माणसांच्या हट्टाला जातं. शिल्पकार पिलू पोचखानावाला आणि जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर १९६३ मध्ये केमोल्ड ही गॅलरी सुरू करणारे केकू गांधी. या हॉलचं कलासंग्रहालय व्हावं म्हणून त्यांनी पाठपुरावा केला. मंजुरी मिळाली, काम सुरू झालं आणि ते तब्बल बारा वर्षं चाललं. डिसेंबर १९९६ मध्ये दार उघडलं, तेव्हा पिलू पोचखानावालांना जाऊन दहा वर्षं झाली होती. त्या काळात पनवेलला हार्बर लोकलही पोहोचली नव्हती. ती आली १९९८ मध्ये. त्यामुळे आपल्याकडे उशिराच कळलं, ही सबब पनवेलकरांना दोनेक वर्षांपुरती वापरता येईल, त्यापुढे नाही.

आत शिरलं की पहिल्यांदा चित्रांआधी जागाच पाहिली जाते. मूळचं एकच उंच, अर्धगोल सभागृह. बाहेरच्या भिंतींना धक्का न लावता त्याच्या पोटात मजले बांधले आहेत. जिना वळत वळत वर जातो, प्रत्येक वळणावर अर्धगोल सज्जा लागतो आणि शेवटी माणूस थेट घुमटाखाली येऊन पोहोचतो. चित्र लावणाऱ्याच्या दृष्टीने वक्र भिंत ही गैरसोयच. सपाट चौकटीला गोलाईवर टांगायचं कसं, हा प्रश्न इथे प्रदर्शन मांडणाऱ्या प्रत्येकाला सोडवावा लागत असणार. पाहणाऱ्याचा मात्र त्यात फायदा होतो. खाली जवळून पाहिलेलं मोठं चित्र वरच्या सज्जातून पुन्हा दिसतं, यावेळी पूर्ण आणि लांबून. जवळून जे नुसते फराटे वाटले होते, त्यातून एखादा चेहरा, एखादं झाड वर आल्यावर तयार झालेलं असतं. लांब कॉरिडॉरच्या सरकारी संग्रहालयांत ही सोय नसते.

उद्घाटनाचं प्रदर्शन प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपवर होतं आणि ते योग्यच होतं. १९४७ मध्ये हा गट मुंबईत जमला. त्यातले सहा जण म्हणजे सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे. हल्ली यांची नावं लिलावाच्या बातम्यांत कोटींच्या आकड्यांसोबत येतात, त्यामुळे ही जन्मतः बडी मंडळी असावीत असा समज होतो. प्रत्यक्षात फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्याच्या साळगावचा आणि 'छोडो भारत' आंदोलनात भाग घेतला म्हणून जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलेला. मकबूल फिदा हुसेन पंढरपूरला जन्मलेले आणि मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरणारे. कृष्णाजी हौळाजी आरा दुसऱ्यांच्या घरी काम करत, मोटारी धूत आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. सदानंद बाकरे हे गटातले शिल्पकार १९५१ च्या सुमारास लंडनला गेले, दोन दशकांहून अधिक काळ तिथे राहिले आणि परत येऊन मुंबईत नव्हे तर कोकणात, मुरुड-हर्णैला स्थायिक झाले. २००७ मध्ये तिथेच वारले. दापोलीकडे सहलीला जाणाऱ्या किती जणांनी त्यांच्या गावावरून गाडी नेली असेल, पण घर विचारलं असेल असं वाटत नाही.

या मुलांच्या पाठीशी उभे राहिलेले लोक तर आणखी लांबचे. वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन, इमॅन्युएल श्लेसिंगर, हिटलरच्या युरोपातून बाहेर पडून मुंबईत आलेले. कोणी वर्तमानपत्रात कलादिग्दर्शक, कोणी समीक्षक, कोणी व्यापारी आणि संग्राहक. मोटारी धुणारा आरा आणि व्हिएन्नातून परागंदा झालेला श्लेसिंगर एकाच कॅनव्हाससमोर उभे राहू शकत होते, अशी ती मुंबई होती. गटाचं १९४९ चं प्रदर्शन काळा घोड्याजवळच्या रॅम्पार्ट रोवर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या जागेत भरलं. तिथून हा हॉल चालत पाच-सात मिनिटांवर. म्हणजे ज्या परिसरात हे सगळं घडलं, तिथेच त्याचं संग्रहालय आहे. दिल्लीला हे भाग्य नाही.

आता रायगडकडे. जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं त्या काळात इथे ओटो रॉथफेल्ड नावाचा कलेक्टर होता. अलिबागजवळच्या सासवण्यात त्याने राममंदिराच्या भिंतीवर एका मुलाने काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र पाहिलं आणि त्या मुलाला जे. जे. मध्ये शिकायला पाठवण्याची व्यवस्था केली, अशी हकिगत सांगतात. तो मुलगा म्हणजे विनायक पांडुरंग करमरकर. पुढे १९२८ मध्ये पुण्यात ज्याचं अनावरण झालं तो शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा, एकाच ओतकामातून काढलेला, करमरकरांचा. या रॉथफेल्डचा आणखी एक धागा आहे. भारतातल्या स्त्रियांवर त्याने एक पुस्तक लिहिलं आणि त्यातली चित्रं काढली महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी. धुरंधर मूळचे कोल्हापूरचे. जे. जे. मध्ये आधी विद्यार्थी आणि मग शिक्षक म्हणून त्यांनी काढलेल्या काळावर त्यांचं 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे मराठी पुस्तक आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये याच कावसजी जहांगीर हॉलमध्ये धुरंधरांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. चित्रकार सुहास बहुळकरांनी ते मांडलं होतं. घाटावरच्या बायका, कोळणी, लग्नाच्या मिरवणुका, टपाल कार्डांवरच्या गमती असा शंभर वर्षांपूर्वीचा महाराष्ट्र धुरंधरांच्या कामात सापडतो. नऊवारी कशी चापूनचोपून नेसत, नथ किती मोठी असे, मोलकरणीची टोपली कशी होती, हे ज्यांना पाहायचंय त्यांनी मालिकांचे सेट बघण्याऐवजी धुरंधर बघावेत.

त्यानंतर पाच महिन्यांत, फेब्रुवारी २०१९ मध्ये, त्याच भिंतींवर प्रभाकर बरवे आले. १९३६ साली अलिबागजवळच्या नागावात जन्मलेले. शिल्पकार करमरकर त्यांचे नात्याने आजोबा लागत. जे. जे. मध्ये शिक्षण, मग विणकर सेवा केंद्रात नोकरी, त्यातली काही वर्षं बनारसला. १९९५ च्या डिसेंबरात ते गेले, म्हणजे हे संग्रहालय उघडायच्या बरोबर वर्षभर आधी.

बरव्यांची चित्रं हे पनवेलकराने मुद्दाम मूळ रूपात पाहावं असं प्रकरण आहे. त्यांच्या चित्रांत दिसतं काय, तर कंगवा, घड्याळ, टाचणी, पान, शिंपला, एखादं फळ, एखादी बरणी. कोणाच्याही घरात सापडतील अशा वस्तू. पण त्या जागेवर नसतात. घड्याळ वितळल्यासारखं, पानाची सावली पानाहून वेगळी, फळाच्या आत भलतंच काहीतरी. स्वप्नात वस्तूंचं नातं जसं सहज बदलतं, तसं. आणि हे सगळं अनेकदा एनॅमल रंगात, म्हणजे दारं-खिडक्या रंगवायला वापरतात त्या जातीच्या रंगात. त्याची सपाट, थंड, किंचित चमकणारी त्वचा छापील पुस्तकात उतरत नाही, मोबाइलवर तर अजिबातच नाही. समोर उभं राहिल्यावर, उजेड पडला की तो रंग कसा वागतो, हे चित्राचाच एक भाग असतं. बरव्यांनी स्वतः मराठीत 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक लिहिलं आहे. चित्रकार चित्र काढताना नेमका काय विचार करतो, हे इतक्या नितळ मराठीत सांगणारी पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नागावच्या समुद्रावर पॅरासेलिंगला जाणाऱ्या गर्दीला यातलं काही माहीत असण्याची सक्ती नाही. पण ज्याला माहीत होतं, त्याला त्या किनाऱ्यावरचा शिंपला थोडा वेगळा दिसतो, एवढं खरं.

त्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला जे घडलं ते वर्तमानपत्रांनी दिवसेंदिवस चालवलं. अमोल पालेकर, जे स्वतः जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार आहेत, बोलायला उभे होते. प्रदर्शनं ठरवणारी स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बरखास्त करून निर्णय दिल्लीकडे नेल्याबद्दल त्यांनी नापसंती बोलून दाखवली आणि त्यांना भाषणात वारंवार थांबवण्यात आलं. समारंभात औचित्य कोणी सोडलं यावर तेव्हा पुष्कळ शाई खर्च झाली. त्याखालचा प्रश्न मात्र बाजूला पडला: मुंबईतल्या राष्ट्रीय संग्रहालयात काय दाखवायचं हे मुंबईच्या आसपासच्या लोकांनी ठरवायचं की नाही? जिथे प्रेक्षकच फिरकत नाही, तिथे हा प्रश्न विचारणार कोण? नाटकाच्या तारखांवरून पनवेलच्या फडके नाट्यगृहात प्रेक्षक हक्काने कुरकुर करतात, कारण ते तिकीट काढून येतात. चित्रांच्या बाबतीत ही हक्काची कुरकुर अजून सुरूच झालेली नाही. मराठी माणूस नाटकवेडा आहे, गाण्याचा दर्दी आहे, चित्राच्या बाबतीत मात्र तो 'छान आहे' म्हणून पुढे सरकतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस आलेलं प्रदर्शन तर जणू हार्बर आणि सेंट्रलच्या प्रवाशांसाठीच होतं. सुधीर पटवर्धन यांचं, 'वॉकिंग थ्रू सोल सिटी' नावाचं, त्यांच्या आजवरच्या कामाचं. नोव्हेंबर २०१९ च्या शेवटी उघडलं आणि पुढचे काही आठवडे चाललं. पटवर्धन १९४९ चे, पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेले. ठाण्यात तीसेक वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून त्यांनी काम केलं आणि २००५ नंतर पूर्ण वेळ चित्रकलेला दिला. दिवसभर माणसांची हाडं आणि फुप्फुसं पाहायची आणि उरलेल्या वेळात तीच माणसं रस्त्यावर, पुलावर, डब्यात पाहायची. त्यांच्या चित्रांची नावंच पाहावीत: 'ट्रेन', 'इराणी रेस्टॉरंट', 'ओव्हरब्रिज', 'नाला', 'पोखरण', 'उल्हासनगर', 'लोअर परळ'. 'पोखरण' म्हणजे राजस्थानातलं अणुचाचणीचं नाही, ठाण्याच्या पोखरण रोडचं. या नावांवरून मुंबईच्या उपनगरांचा नकाशा काढता येईल.

सुंदर दृश्य म्हणून जे कोणी कॅलेंडरवर छापणार नाही, ते पटवर्धन रंगवतात. पाठीला ओझं असलेला मजूर, अर्धवट उभ्या इमारती, खणलेला डोंगर, गटाराकाठची वस्ती, गिरण्यांच्या जागी चढत जाणारे टॉवर. माणसं देखणी नाहीत, पण त्यांच्या शरीराला वजन आहे. प्रत्येक जण आपापल्या पायांवर उभा आहे हे जाणवतं. आणि एकाच चित्रात दोन-तीन बाजूंनी पाहिल्यासारखं शहर पसरलेलं असतं, जसं ते चालत जाणाऱ्याला दिसतं. पनवेलकराला हे नवीन नाही. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली आणि नदी वळवली गेली, ती इथल्या लोकांनी वर्षानुवर्षं लोकलमधून, सायन-पनवेल हायवेवरून पाहिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं तेव्हा टेकडी जवळजवळ विसरलीही गेली होती. बदल इतक्या जवळून होतो तेव्हा तो दिसेनासा होतो. पटवर्धनांच्या चित्रासमोर उभं राहिलं की ठाणं दिसतं, आणि ठाण्याआड खारघर, कामोठे, कळंबोलीही. राष्ट्रीय संग्रहालयात आपलं रोजचं स्टेशन टांगलेलं पाहणं हा अनुभव थोडा खट्याळ आणि थोडा गंभीर असतो.

याच पटवर्धनांनी २००८-०९ मध्ये समकालीन चित्रांचं एक फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांत नेलं होतं, 'विस्तारणारी क्षितिजं' या नावाने. माणूस मुंबईच्या गॅलरीत येत नसेल तर चित्रांनीच एसटीच्या गावी जावं, असा तो खटाटोप. चित्रकार इतकं चालू शकतो तर प्रेक्षकाने लोकलने यायला हरकत नसावी.

हे सगळं मोबाइलवर दिसत असताना जायचं कशाला, असं विचारणारा कोणी तरी प्रत्येक घरात असतोच. साधारणपणे दहावीतला. त्याला हुसेनच्या 'जमीन'चं उदाहरण द्यावं. १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात पुरस्कार मिळालेलं हे चित्र दिल्लीच्या संग्रहात आहे. ते सुमारे १८ फूट लांब आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जावं लागतं आणि चालता चालता गाव उलगडतं. मोबाइलच्या पडद्यावर ते करंगळीएवढी एक पट्टी होऊन बसतं. छापील प्रतीची ही अडचण आपल्याकडे जुनी आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाछाप कारखाना पुढे घाट चढून लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी देवघरात पोहोचल्या. त्या छापांनी देवांना चेहरे दिले, हे उपकार मोठेच. पण त्यामुळे पिढ्यान्पिढ्या चित्र म्हणजे छापलेलं चित्र, अशी आपली सवयही झाली. तैलरंगाचा थर, ब्रशचा वेग, चित्रकाराने खोडून पुन्हा केलेला हात, हे छापात सापडत नाही.

पनवेल परिसरातल्या शाळांतून दरवर्षी मुलं एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षांना बसतात. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालकही उत्साहात असतात. मुलं स्थिरचित्रातला तांब्या, कांदा आणि कापडाची घडी बिनचूक काढतात, संकल्पचित्रात पोस्टर कलर सफाईने भरतात, 'अ' श्रेणी आणतात. यातल्या फार थोड्यांनी एखाद्या मोठ्या चित्रकाराचं एकही मूळ चित्र पाहिलेलं असतं. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा द्याव्यात आणि एकही मैफल ऐकू नये, तसं हे चाललंय. चित्रकलेच्या सरांनी वर्गातल्या वीस मुलांना घेऊन एक फेरी केली तर परीक्षेच्या गुणांवर परिणाम होईलच असं नाही, पण तांब्याकडे बघण्याची नजर नक्की बदलेल. आणि बरव्यांचा कंगवा पाहिलेला मुलगा कदाचित तांब्या बिनचूक काढायचंच नाकारेल. तो धोका सरांनी पत्करावा.

पैशांचा मुद्दाही आहेच. हुसेनचं १९५४ चं 'ग्रामयात्रा' हे चित्र एका डॉक्टरांनी विकत घेऊन नॉर्वेला नेलं आणि ऑस्लोच्या एका रुग्णालयाला दिलं. तिथे ते कित्येक दशकं होतं. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते जवळजवळ ११८ कोटी रुपयांना गेलं आणि आधुनिक भारतीय कलेचा तोवरचा विक्रम झाला. अमृता शेरगिलच्या एका चित्राने त्याआधी, २०२३ मध्ये, ६१ कोटींचा टप्पा ओलांडला होता. असे आकडे वाचून चित्रकला म्हणजे श्रीमंतांचा खेळ असं वाटू लागलं तर नवल नाही. पण सार्वजनिक संग्रहालयातलं चित्र विकायला नसतं, त्याचा भाव कोणी विचारत नाही. भारतीय प्रेक्षकासाठी इथलं तिकीट २० रुपये ठेवलेलं आहे. पनवेल स्टेशनबाहेर तेवढ्यात एक वडापावही धड येत नाही.

दिल्लीचं मूळ संग्रहालय अर्थातच मोठं. १९५४ मध्ये जयपूर हाउसमध्ये सुरू झालं, २००९ मध्ये त्याला नवी इमारत जोडली गेली आणि त्याच वर्षी बंगळुरूमध्येही शाखा उघडली. संग्रह १७ हजारांहून अधिक कलाकृतींचा. शेरगिलची चित्रं पोटभर पाहायची तर दिल्लीलाच जावं लागतं. तिच्या 'थ्री गर्ल्स'ला पहिलं सुवर्णपदक मात्र १९३७ मध्ये मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीने दिलं होतं, ही गोष्ट दिल्लीकरांशी बोलताना उपयोगी पडते. मुंबईत कायमची मांडणी कमी आणि बदलती प्रदर्शनं जास्त. त्यामुळे काय चाललंय ते आधी पाहून निघावं. दोन प्रदर्शनांच्या मधल्या दिवसांत दालनं रिकामीही सापडू शकतात.

एक गोष्ट सोबत नेऊ नये, ती म्हणजे सगळं पाहून संपवण्याची घाई. अमूर्त चित्रासमोर उभं राहून 'हे तर आमचा बंड्याही काढेल' म्हणायला काहीच हरकत नाही. गिरगावात वाढलेल्या वासुदेव गायतोंड्यांनाही ते लोकांनी ऐकवलं असेलच. ते वर्षाला मोजकीच चित्रं पुरी करत, रोलर आणि सुरीने रंग थरावर थर चढवत आणि खरवडत. बंड्याला तेवढा धीर असेल तर त्याने जरूर काढावं. तोवर एका चित्रासमोर पाच मिनिटं थांबून बघावं, मान वळवून, दोन पावलं मागे जाऊन, वरच्या सज्जातून परत. पाच चित्रं अशी झाली की खाली उतरावं. बाकीची भिंतीवर राहतील, पुढच्या खेपेला.

पनवेलहून निघताना फार लवकर पोहोचण्याची गरज नाही, संग्रहालय सकाळी उशिराच उघडतं. सीएसएमटीला उतरून समोर जे. जे. स्कूलची आवारभिंत दिसते. तिथून हुतात्मा चौक, काळा घोडा असं रमतगमत चाललं तर वीस-पंचवीस मिनिटांत रीगलचा चौक येतो. वाटेत जहांगीर आर्ट गॅलरी लागते, तिथे फुकट शिरता येतं, आणि तिथली चित्रं आवडली नाहीत तरी तासभर सावली मिळते. फक्त सोमवारी निघू नये, सोमवारी कावसजी जहांगीर हॉल बंद असतो.